घर्षणाची अनधिकृत प्रत

द्वारपालाचं उद्घाटन झालं, त्या दिवशी कुलगुरूंनी सर्व्हरसमोर नारळ फोडला आणि त्याचं पाणी बॅटऱ्यांच्या कपाटात गेलं. त्यामुळे तापीतीर विद्यापीठातली फाइलचोरी कायमची थांबवणारी ही अत्याधुनिक यंत्रणा पहिल्याच दिवशी संध्याकाळपर्यंत बंद राहिली, आणि तेवढ्या वेळात हॉस्टेलच्या पोरांनी पुढच्या दोन वर्षांची पुस्तकं उतरवून घेतली. अहवालात याला ‘प्रारंभिक आर्द्रता’ असं म्हटलं गेलं. अहवाल हेमांगी भंगाळेनं लिहिला होता. संगणक केंद्राची प्रमुख झाल्यापासून अशा शब्दांवर तिचा हात चांगला बसला होता.

फाइलचोरी होत होती, हे खरंच. मुलांच्या हॉस्टेलात कुणाच्या तरी पलंगाखाली एक जुना कॉम्प्युटर कायम चालू असे. त्याचं नाव ‘अन्नछत्र’. त्यावर एरवी सिनेमे असत आणि परीक्षा जवळ आली की पुस्तकं येत. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाची एक प्रत होती आणि ती विभागप्रमुखांच्या घरी वास्तव्याला होती, त्यामुळे पोरांचाही इलाज नव्हता. हेमांगी अधूनमधून अन्नछत्र बंद करायची, पोरं पलंग बदलून ते पुन्हा सुरू करायची. आपापलं काम चोख केल्याचं समाधान दोन्ही बाजूंना मिळे.

मग बोधसंपदा लिमिटेडची नोटीस आली. पाठ्यपुस्तकांचे हक्क तर या कंपनीकडे होतेच. शिवाय काही वर्षांपूर्वी विद्यापीठानं ‘ज्ञानसंचय’ योजनेत आपल्या सगळ्या प्राध्यापकांची व्याख्यानं रेकॉर्ड करून तीही तिलाच विकली होती. नोटिशीत दोन पर्याय दिले होते. कोर्ट किंवा द्वारपाल. द्वारपाल बोधसंपदेचाच होता.

तो बसवायला पुण्याहून ईशान लेले नावाचा इंजिनिअर आला. तरुण, हसतमुख, बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढणारा.

“मॅडम, जुन्या यंत्रणा फाइल बघायच्या,” तो म्हणाला. “फाइलचा एक आकडा काढायचा, तो चोरीच्या मालाच्या आकड्याशी ताडून बघायचा. पोरांनी शेवटचं एक अक्षर बदललं की आकडा बदलला. संपलं! आमचा द्वारपाल फाइल बघतच नाही. तो आशय बघतो.”

म्हणजे असं. कोणत्याही मजकुराला, मग तो छापील असो, बोललेला असो की फळ्यावर खरडलेला, एक चाल असते. आधी कोणती कल्पना येते, मग कोणतं उदाहरण, कुठे प्रश्न, कुठे थांबणं. ही चाल द्वारपाल हजारो आकड्यांत मांडायचा. जणू काही हजारो दिशा असलेल्या एखाद्या नकाशावर प्रत्येक मजकुराला आपला एक ठिपका मिळायचा. शब्द बदला, आवाज बदला, भाषा बदला, ठिपका फारसा हलत नाही. या ठिपक्याला लेले ‘आशयठसा’ म्हणायचा. दोन ठसे जवळ आले की त्यातला एक मूळ आणि दुसरा प्रत. मग प्रत कुणाकडून कुणाकडे गेली याची वंशावळ द्वारपाल काढायचा, त्र्यंबकच्या उपाध्यांनी कुळं शोधावीत तशी. विद्यापीठाच्या जाळ्यावर येणाऱ्या प्रत्येक यंत्रात त्याचा एक दूत बसवणं सक्तीचं होतं, त्यामुळे फाइलला सांकेतिक कुलूप लावून पाठवण्याचीही सोय उरली नाही. माणूस माइकसमोर बोलत असतानाच ठसा निघायचा आणि जुळला तर जोडणी तुटायची.

“मग पोरांनी पाढे म्हटले तर?” हेमांगीनं चहा ओतता ओतता विचारलं. “पाढ्यांचंही पुस्तक तुमचंच आहे.”

लेले खूश झाला. “सुरुवातीला पाढेही अडवले होते त्यानं! आरत्याही. मोठा गोंधळ झाला. मग आम्ही ‘लोकज्ञान’ नावाचा नियम घातला. एखादी गोष्ट फाइलमधून न वाजता थेट तोंडातून येतेय, प्रत्येकाच्या तोंडी थोडी वेगळी येतेय, वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या शेकडो माणसांकडून येतेय आणि त्यांनी ती जाळ्यावरून उचलल्याची वंशावळ सापडत नाहीये, तर ती सगळ्यांची. द्वारपाल तिला पुन्हा कधीच हात लावत नाही.”

“आणि पुस्तकातला आख्खा धडा तसा आला तर?”

“मॅडम,” लेले दयेनं हसला, “आख्खा धडा कोण पाठ करतं हो?”

तो आंतरराष्ट्रीय शाळेत शिकला होता. हेमांगीनं त्याला आणखी एक बिस्कीट दिलं.

*

हेमांगीचे वडील, प्राध्यापक दिगंबर भंगाळे, तेहतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. हेमांगीनं मध्यंतरी एक लग्न करून पाहिलं होतं, ते जमलं नाही, आणि ती आप्पांच्या घरी परत आली होती. घरी ते आप्पा, विद्यापीठाच्या आवारात सर. ती स्वतः त्यांच्याच वर्गात शिकली होती आणि तिथे तिला कसलीही सवलत मिळाली नव्हती. चालणाऱ्या माणसाच्या मागच्या पायावरचं घर्षण कोणत्या दिशेला असतं, या प्रश्नाच्या उत्तरात तिनं बाण मागे काढला होता. सरांनी शून्य दिलं होतं आणि वर्गापुढे म्हणाले होते, “या बाई चालतात तेव्हा जमीन यांना घरी परत ढकलते.” पुढे ती कॉम्प्युटरकडे वळली, त्याला कारणं पुष्कळ होती. पण बाण त्यांत होता.

निवृत्तीनंतर सर दर रविवारी सकाळी घरातूनच सातपुड्याच्या पायथ्याच्या तीन कॉलेजांना शिकवत. तिथे पदार्थविज्ञानाची जागा रिक्त होती. इतकी वर्षं रिक्त, की त्या जागेलाच आता पेन्शन लागू व्हावी. मोबाइलची रेंज डोंगराच्या अलीकडेच दमायची. पलीकडे पोचायची ती फक्त विद्यापीठाची केबल. सर वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा घालून फळ्यासमोर उभे राहत, कारण कॅमेऱ्याला कमरेखालचं दिसत नसे. मानधन घेत नसत.

त्या रविवारी विषय घर्षण होता.

घर्षणाचं व्याख्यान ही सरांची ख्याती होती. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत ते त्यांनी एका अक्षराचाही फरक न करता दिलं होतं. विनोद ठरलेले, विनोदांनंतरचं थांबणं ठरलेलं, वर्गानं एका सुरात द्यायची उत्तरंसुद्धा ठरलेली. जुने विद्यार्थी लग्नाकार्यात भेटले की नमस्काराऐवजी त्यातली वाक्यं म्हणत.

“समजा,” सर सांगत होते, “घर्षणानं एक दिवस रजा टाकली. काय होईल? पायजम्याची नाडी सुटेल. गाठ म्हणजे घर्षणच. भिंतीतला खिळा निघेल, खिळ्यावरचे आजोबा खाली येतील. आणि लग्नात? मुलगी हार घेऊन उभी आहे. नवरदेव मांडवात शिरला. पण थांबायलाही घर्षण लागतं! तो घसरत आला, मुलीसमोरून घसरत गेला, मांडवाच्या मागच्या बाजूनं बाहेर...”

इथे स्क्रीन लाल झाली. ‘या आशयाचे मालक बोधसंपदा लिमिटेड आहेत. आपण अनधिकृत प्रत प्रसारित करीत आहात. पहिली सूचना.’

सरांनी खडू हातात धरूनच लाल चौकोन वाचला. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडले, “हेमा! तुझ्या त्या चौकीदारानं माझा नवरदेव मांडवातच अडकवला!”

हेमांगी भरताची वांगी गॅसवर टाकून बाहेर आली. तिला एका नजरेत कळलं. ज्ञानसंचयात सरांचं हेच व्याख्यान होतं.

“आप्पा, तुमचं भाषण कंपनीच्या रेकॉर्डिंगशी जुळलं.”

“जुळणारच. दोन्हीकडे मीच आहे.”

“नाही. तिकडे मूळ आहे. इकडे तुम्ही...” ती घुटमळली. “तुम्ही प्रत आहात.”

सर खुर्चीत बसले. “मी माझी नक्कल करतो?”

“त्याच्या लेखी हो.”

“कॉपी करताना पकडलेल्या पोराला मी वर्गाबाहेर काढायचो,” सर म्हणाले. “आता मी जाऊ कुठे? बाहेरच्या खोलीत तर आधीच बसलोय.”

विनोद चांगला होता, पण त्यांनी खडू खोक्यात परत ठेवून दिला. स्वयंपाकघरातून वांगी जळल्याचा वास आला.

*

तिसऱ्या सूचनेनंतर तिन्ही कॉलेजांची केबल वर्षभर बंद होणार होती. करारात तसं लिहिलं होतं आणि करारावर संगणक केंद्रप्रमुखाची सही होती. परीक्षा महिन्यावर आलेली. केबल गेली तर डोंगरापलीकडच्या पोरांना पदार्थविज्ञान शिकवायला दुसरं कुणी नव्हतं.

“आप्पा, उदाहरणं बदला,” हेमांगी म्हणाली. “क्रम बदला. नवरदेव काढून टाका.”

“नवरदेव काढला तर घर्षण उरतं काय?”

तरी त्यांनी प्रयत्न केला, आणि तो लेकीसाठी केला, हे तिला समजत होतं. पुढच्या रविवारी त्यांनी सरकत्या जिन्याचं उदाहरण घेतलं. सातपुड्याच्या पायथ्याला सरकता जिना कुणी पाहिला नव्हता, सरांनीही एकदाच पाहिला होता आणि तेव्हा तो बंद होता. कुणाचा तरी शेरवानी कोट घालून लग्नाला आल्यासारखे ते अवघडून बोलत होते. पोरं मख्ख बसली होती. मग एका मुलीनं विचारलं, “सर, पण नाडी कधी सुटणार?” सरांचा चेहरा उजळला, शेरवानी गळून पडली, नवरदेव मांडवात शिरला आणि स्क्रीन लाल झाली. दुसरी सूचना.

सोमवारी हेमांगी कुलगुरूंकडे गेली. कुलगुरू डॉ. अत्तरदे सरांचेच विद्यार्थी. त्यांनी तळमळीनं ऐकून घेतलं, दोनदा “अरेरे” म्हटलं आणि कंपनीला फोन लावला. कंपनीनं अतिशय सौजन्य दाखवलं. प्राध्यापक भंगाळे यांना स्वतःसारखं बोलण्याचा परवाना सवलतीत देता येईल, आठवड्यातून एक तास. मात्र प्रत्येक व्याख्यानाच्या सुरुवातीला ‘मी जे बोलणार आहे ते बोधसंपदा लिमिटेडच्या सौजन्यानं’ असं त्यांनी म्हणावं.

“बघा, मार्ग निघतोच,” कुलगुरू म्हणाले.

हे सांगितल्यावर सरांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “अत्तरदेला सांग, त्याला प्रॅक्टिकलला मी दोनदा नापास केलं होतं. तिसऱ्यांदाही करायला हवं होतं.”

“आप्पा, नुसतं एक वाक्य आहे.”

“हेमा, मी वर्गात आजवर कुणाच्या सौजन्यानं उभा राहिलो नाही. केबल बंद करायची तर कर. तुझी नोकरी आहे, तू सही केली आहेस. पण बंद करताना हे मला माझ्याच घरात समजावून सांगू नकोस.”

ती ताट उचलून आत गेली.

*

दोन दिवसांनी तिच्या केबिनच्या दारात एक मुलगी उभी राहिली. रोशनी पावरा, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, धडगावकडची. सरांच्या रविवारच्या वर्गात शिकून ती विद्यापीठापर्यंत आली होती आणि अन्नछत्र आता तिच्या पलंगाखाली असतं असा हेमांगीला दाट संशय होता.

“मॅडम, एक विचारू? तुमचा द्वारपाल पाढे का अडवत नाही?”

हेमांगीनं खुर्ची दाखवली. करारात गोपनीयतेचं एक लांबलचक कलम होतं. ‘ते कंपनीला विचारा’ एवढं म्हणून तिला मोकळं होता आलं असतं. तिनं उठून केबिनचं दार लावलं.

“कारण ते सगळ्यांना पाठ असतात.”

रोशनी बसली. “किती जणांना पाठ असावं लागतं?”

“शेकड्यांत. आकडा सांगत नाहीत. पण रेकॉर्डिंग वाजवून चालत नाही. वाचूनही नाही, वाचणाऱ्याची चाल त्याला कळते. थेट तोंडातून यायला हवं, प्रत्येकाचं आपापलं, अडखळत का होईना.”

“आख्खं व्याख्यान?”

“आख्खं. पुण्याचे इंजिनिअर म्हणाले, एवढं कुणी पाठ करत नाही.”

रोशनीच्या चेहऱ्यावर हसू यायला जरा वेळ लागला. “मॅडम, पहिलीपासून आम्हाला दुसरं शिकवलंय तरी काय?”

खरी अडचण द्वारपालाची नव्हतीच, सरांची होती. घोकंपट्टी हा सरांचा जन्माचा वैरी. वर्गात व्याख्या पाठ म्हणणाऱ्याला ते खडू फेकून मारत. ‘समजून घ्या, पाठ करू नका’ ही पाटी त्यांनी स्वतः रंगवून प्रयोगशाळेत लावली होती, आणि मुलांनी ती पाठ केली होती. रोशनीबरोबर वीसएक पोरं त्यांच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, सर, आम्हाला व्याख्यान तोंडपाठ करायचंय, तेव्हा सर अक्षरशः दोन पावलं मागे सरले.

“पोपट व्हायचंय तुम्हाला? माझ्या ओट्यावर?”

“सर, पाठ केलं तर समजायला नंतर वेळ मिळेल,” रोशनी म्हणाली. “केबल बंद पडली तर पाठही नाही आणि समजणंही नाही. आमच्याकडच्या पोरांना तुम्ही सोडून कोण आहे?”

सर ओट्याच्या खांबाला टेकले. हेमांगी दाराआडून बघत होती.

“एका अटीवर,” ते शेवटी म्हणाले. “जो पाठ म्हणेल त्यानं घर्षणाचं एक गणित सोडवून दाखवायचं. गणित मी घालणार. नाहीतर मी स्वतः त्या द्वारपालाला फोन करून तुमची नावं सांगेन.”

मग पाठांतर सुरू झालं. मेसच्या रांगेत नवरदेव घसरू लागले, कपडे वाळत घालताना आजोबा खिळ्यावरून पडू लागले. डोंगरापलीकडे सरांच्या जुन्या वर्गातल्या वह्या एसटीनं गेल्या. सरांच्या ओट्यावर गणितं सोडवणाऱ्यांची गर्दी होऊ लागली, आणि सर तक्रार करत, पण भर दुपारी वामकुक्षी सोडून बाहेर बसत. गणित चुकलं की पोर परत हॉस्टेलात. पाठ येऊनही बरेच जण तिथेच अडले.

*

ठरलेल्या रविवारी सकाळी हेमांगी संगणक केंद्रात एकटीच होती. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर विद्यापीठाचा नकाशा होता. टेबलावर ‘कुलूप’ असं लिहिलेलं एक बटण. ते दाबलं की आख्खं जाळं जागच्या जागी बंद. ते फक्त विद्यापीठाच्या अधिकाऱ्यानं दाबायचं असं कंपनीनं करारात घालून घेतलं होतं. उद्या काही बिनसलं तर दोष कंपनीकडे येऊ नये म्हणून.

मुलींच्या हॉस्टेलात एक लाल ठिपका उमटला. मग चार. मग मुलांच्या हॉस्टेलात ओळीनं, मग तिन्ही कॉलेजांत. शेकडो तोंडं एकाच वेळी म्हणत होती, समजा, घर्षणानं एक दिवस रजा टाकली. कुणी अहिराणी हेल काढत, कुणी पावरी वळणानं, कुणी आजोबांच्या आधी नाडी विसरून मग मागे येऊन. द्वारपाल एकेक जोडणी तोडत होता, पोरं परत जोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. तो वंशावळ शोधत होता आणि त्याला बाप सापडत नव्हता. जाळ्यावरून कुणी काही उतरवलं नव्हतं, कुणी काही पाठवलं नव्हतं.

फोन वाजला. लेले होता आणि तो हसत नव्हता. “मॅडम, हल्ला झालाय! कुलूप लावा!”

“हल्ला नाही,” हेमांगी म्हणाली. “अभ्यास आहे.”

“म्हणजे?”

“पोरांनी धडा पाठ केलाय.”

“आख्खा?”

“तुम्ही विचारलं होतंत ना, कोण करतं म्हणून?”

तेवढ्यात स्क्रीनवर ओळ आली. ‘सर्व स्रोत समान वयाचे, एकाच विद्यापीठातले. सामूहिक नक्कल. लोकज्ञान नाही.’ लेलेनं सुस्कारा सोडला. “बघा. पढवलेली पोरं तो ओळखतो. आता तिसरी सूचना निघेल. त्याआधी तुम्ही कुलूप लावलंत तर निदान विद्यापीठानं सहकार्य केलं असं दिसेल. तुमचं नाव वाचेल, मॅडम.”

हेमांगीनं बटणाकडे पाहिलं. मग तिनं संगणक केंद्राच्या अधिकारात एक निराळंच काम केलं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर माजी विद्यार्थ्यांचं एक दालन होतं, देणग्या गोळा करण्यासाठी उघडलेलं. तिथे आजवर चिटपाखरू फिरकलं नव्हतं. तिथे बोललेलं द्वारपालाच्या कानावर जावं म्हणून तिनं ते जाळ्याला थेट जोडलं आणि रोशनीला फोनवर दोन शब्द सांगितले, “जुन्यांना बोलाव.”

जुन्यांना बोलवायला वेळ लागला नाही. सरांच्या तेहतीस वर्गांचे तेहतीस ग्रुप होते आणि त्यांवर रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवण्याखेरीज काही घडत नव्हतं. आधी यावलचे एक डॉक्टर आले, दवाखान्यातून, गळ्यात स्टेथोस्कोप. मग एक एसटी आगारप्रमुख. नाशकातली एक आजी, नातू मांडीवर. वर्दीतला एक फौजदार, जो नवरदेवाला मांडवातून बाहेर काढताना रहदारीचा हात करत होता. दुबईहून कुणीतरी, मागे वाळू. यांना कुणी पढवलं नव्हतं. वीस-तीस वर्षांपूर्वी एकदा ऐकलेलं, दरवर्षी जसंच्या तसं असल्यामुळे मोठ्या भावाकडून, धाकट्या बहिणीकडून पुन्हा पुन्हा ऐकलेलं, त्यांच्या डोक्यातून ते निघालंच नव्हतं.

हेमांगीनं स्वतःचा माइक सुरू केला. ती हे कधीच पाठ करायला बसली नव्हती. लहानपणी आप्पा आरशासमोर दाढी करताना ते घोळवत आणि ती उंबऱ्यावर बसून वेणीची वाट बघत असे. “नवरदेव गेला भुसावळला,” ती म्हणाली, आणि वर्ग हसेपर्यंत सर थांबायचे तेवढी थांबली. “तो परत येणार नाही. का? कारण वळायलाही घर्षण लागतं.”

कार्यालयाचा फोन खणाणला. कुलगुरू.

“भंगाळे मॅडम, हा काय तमाशा आहे? कुलूप लावा!”

“सर, लोक नुसतं घर्षण म्हणतायत.”

“अहो, म्हणतायत म्हणजे काय! मलाही येतं ते! उद्या मीही म्हणत बसू का? समजा घर्षणानं एक दिवस रजा टाकली, काय होईल, पायजम्याची नाडी सुटेल...” कुलगुरू संतापानं म्हणत सुटले. पण ते व्याख्यान मधे सोडता येत नसे. ही त्याची खोड सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक होती. नाडीमागून खिळा आला, खिळ्यामागून आजोबा. हेमांगीनं त्यांना अडवलं नाही. मांडवाशी पोचेपर्यंत कुलगुरूंचा आवाज मऊ झाला होता, आणि भुसावळला ते स्वतःच खुदकन हसले. “...तुम्ही पायानं जमिनीला मागे ढकलता, जमीन विरोध करते, आणि तो विरोधच तुम्हाला पुढे नेतो,” त्यांनी संपवलं. मग भानावर आले. “कुलूप लावा,” ते पुन्हा म्हणाले, पण आता त्यात जोर नव्हता.

विद्यापीठातले सगळे फोन द्वारपालाच्या जाळ्यातूनच जात होते. नेमक्या कुणाच्या तोंडानं पारडं फिरलं, हे तो सांगत नाही. पण कुलगुरूंनी फोन ठेवला आणि नकाशावरचे लाल ठिपके एका झटक्यात हिरवे झाले. खाली ओळ आली. ‘लोकज्ञान. अडवू नये.’

लेले अजून दुसऱ्या फोनवर होता. “मॅडम,” तो अगदी हळू म्हणाला, “तुमच्या सरांची अशी आणखी किती व्याख्यानं आहेत?”

“पुढच्या रविवारी उष्णता,” हेमांगी म्हणाली. “मग प्रकाश.”

*

निलंबनाचा आदेश मंगळवारी आला, सोबत खुलासा मागितलेला. गोपनीयतेचं कलम मोडलं, बटण दाबलं नाही, दालन उघडलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हेमांगीनं खुलाशात ‘प्रारंभिक आर्द्रता’ वगैरे काही लिहिलं नाही. तिनं लिहिलं, ‘रविवारी विद्यार्थ्यांनी अभ्यास केला. असा प्रकार यंत्रणेच्या पाहण्यात नसल्याने ती गोंधळली. मी गोंधळले नाही.’ खाली सही केली आणि केबिनची किल्ली शिपायाच्या हाती देऊन घरी आली.

ओट्यावर सर एकटेच बसले होते. आत स्क्रीनवर रविवारच्या वर्गाचं पुढचं वेळापत्रक उघडं होतं. त्यांनी आदेश वाचला, घडी घालून परत दिला.

“अत्तरदेची सही सुधारली आहे,” ते म्हणाले.

“मला आणखी काही म्हणायचं नाही, आप्पा. जेवायला वाढते.”

“थांब. रविवारी तू म्हटलंस ना व्याख्यान? रोशनीनं सांगितलं. भुसावळला नेमकी थांबलीस म्हणे.”

“म्हटलं.”

“मग अट सगळ्यांना सारखी.” त्यांनी शेजारची पाटी आणि खडू तिच्यापुढे सरकवला. पाटीवर एक माणूस काढला होता, चालणारा, एक पाय पुढे टाकलेला. “मागच्या पायावरचं घर्षण दाखव.”

ती हसणार होती, पण त्यांचा चेहरा परीक्षेच्या हॉलमधलाच होता. तिनं खडू घेतला. क्षणभर जुनी सवय हाताला मागे ओढत होती. मग तिनं बाण काढला, पुढे, माणूस जिकडे निघाला होता तिकडे, पाटीच्या कडेपर्यंत.

सरांनी चष्मा वर करून पाटी जवळ धरली. बराच वेळ बघितली.

“टोक नीट नाही काढलंस,” ते म्हणाले. “अर्धा गुण गेला.”